फोनवर आपलाच आवाज परत येतो : पतसंस्थेतल्या आयपी फोनचा एको आणि गुरगुर

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. एक मुख्य कार्यालय आणि दोन शाखा. तीन वर्षांपूर्वी जुना ईपीएबीएक्स (कार्यालयातलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून एका साध्या संगणकावर तेच काम करणारं ॲस्टरिस्क हे सॉफ्टवेअर बसवलं. टेबलांवर १४ आयपी फोन (संगणकाच्या जाळ्यावर चालणारे) आहेत आणि बाहेरच्या चार लाइनसाठी चार पोर्टांचा एफएक्सओ गेटवे, म्हणजे साधी टेलिफोन लाइन आयपीला जोडणारं यंत्र, आहे. अडीच वर्षं सगळं सुरळीत चाललं.

गेल्या चार महिन्यांपासून मात्र बाहेर फोन लावला की बोलणाऱ्याला आपलाच आवाज क्षणभराने परत ऐकू येतो. वसुलीच्या टेबलावरच्या बाई दिवसाला ६०-७० फोन करतात. परवा त्या म्हणाल्या, "सर, बोलताना मीच माझ्या मध्ये येते. वाक्य पुरं होत नाही." हप्ता थकलेल्या माणसाशी बोलणं आधीच नाजूक काम. त्यात अडखळत बोललं की समोरच्याला वाटतं, बाई घाबरल्या किंवा चिडल्या. म्हणून हे मनावर घेतलंय.

बाकीच्या तक्रारीही एकदाच सांगून टाकतो. काही सभासद म्हणतात, त्यांनाही स्वतःचा आवाज परत येतो. पण सगळे असं म्हणत नाहीत. अधूनमधून गुरगुर येते. दोन नंबरच्या लाइनवर कधीकधी दुसऱ्याचं बोलणं बारीक ऐकू येतं. आणि संध्याकाळी शाखांशी बोलताना आवाज तुटतो.

गेटवेमधला एको कॅन्सलर (परतणारा आवाज पुसणारी सोय) चालू आहे, गेटवेचं फर्मवेअर नवं टाकलं, स्विच बदलला, दोन टेबलांवरचे फोन बदलले. आवाज बारीक वाटायचा म्हणून गेटवेचा गेन (आवाजाची पातळी) वाढवला, तर आणखीच बिघडलं. आता पुढे काय बघू?

मध्यरात्रपाळी · सोमवार, रात्री १०:०२

मी पुण्यात याच कामात आहे, रात्रपाळीला परदेशी ग्राहकांच्या फोन यंत्रणा सांभाळतो. दादा, तुम्ही चार-पाच वेगळी दुखणी एकाच केसपेपरवर लिहिली आहेत. ती आधी सुटी करू.

पहिली गोष्ट : ज्याला एको ऐकू येतो त्याच्या फोनमध्ये तो जन्मत नाही. बाईंना स्वतःचा आवाज परत येतोय, म्हणजे तो त्यांच्या फोनमधून नीट बाहेर पडला, पुढे गेला आणि पुढे कुठेतरी वळून परत आला. म्हणून त्यांचा फोन बदलून काही झालं नाही. सभासदाला त्याचा आवाज परत येत असेल तर तो तुमच्या कार्यालयात वळतोय. हे दोन एको वेगळे आहेत, दोघांचं औषधही वेगळं.

आता एवढं सांगा. या टेबलावरून त्या टेबलावर बोलताना एको येतो का? शाखेशी बोलताना? चारही लाइनवर येतो की एखाद्याच? पलीकडे मोबाइल असला आणि लँडलाइन असली तर फरक पडतो का? आणि ज्या सभासदांची तक्रार आहे, ते कुणाशी बोलत होते?

तोवर कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. गेन आधी होता तिथे परत आणून ठेवा.

कृष्णाकाठ · मंगळवार, दुपारी २:३५

टेबल ते टेबल अजिबात नाही. शाखेशीही नाही, तिथे फक्त संध्याकाळचं तुटणं. बाहेरच्या चारही लाइनवर आहे, मोबाइल-लँडलाइन असा फरक नाही. तक्रार करणारे सभासद कुणाशी बोलले हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. आज तिघांना विचारलं. तिघेही व्यवस्थापकांशी बोलले होते.

जोडतार · मंगळवार, सायंकाळी ७:२०

टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली, आता नाशिकला घरी असतो. मध्यरात्रपाळी यांनी योग्य धागा पकडला आहे. आतल्या आत एको नाही आणि बाहेर चारही लाइनवर आहे, म्हणजे तुमचं जाळं, स्विच, फोन यांच्यावरचा संशय काढून टाका. आयपी फोन आवाजाचे तुकडे पाकिटांत बांधून पाठवतो; आवाज जिथे त्या पाकिटातून तारेवर उतरतो तिथेच तो वळतोय.

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण नुसती सेटिंग सांगून भागत नाही. साध्या टेलिफोनला दोनच तारा. जाणारा आणि येणारा दोन्ही आवाज त्याच जोडीवर एकत्र चालतात. एक्स्चेंजच्या आत, किंवा तुमच्या आयपी फोनमध्ये, दोन्ही दिशा वेगळ्या असतात, म्हणजे चार तारांसारखं काम. दोन तारा आणि चार तारा यांचा सांधा म्हणजे हायब्रिड. तुमच्या गेटवेच्या प्रत्येक एफएक्सओ पोर्टमध्ये ते असतं. हायब्रिडच्या पोटात लाइनची नक्कल करणारं एक जाळं असतं, आम्ही त्याला बॅलन्स नेटवर्क म्हणायचो. नक्कल लाइनशी जुळली की जाणारा आवाज पुरता लाइनवर जातो. जुळली नाही की त्यातला काही भाग येणाऱ्या बाजूला झिरपतो. तोच एको.

पण हा झिरपा शंभर वर्षांपासून आहे, मग जुन्या फोनवर का खुपायचा नाही? कारण तो लगेच परत यायचा. रिसीव्हरमध्ये आपला आवाज थोडा ऐकू येणं माणसाला हवंच असतं, त्याला साइडटोन म्हणतात. काही मिलिसेकंदांत परतलेला एको त्यातच विरून जातो. साधारण २५ मिलिसेकंदांच्या पुढे कान दोन आवाज वेगळे ओळखायला लागतो. आयपी फोन २० मिलिसेकंदांचा आवाज गोळा करून एक पाकीट करतो, मग पलीकडे जिटर बफरमध्ये, म्हणजे मागेपुढे येणारी पाकिटं सारखी करणाऱ्या साठ्यात, ते पाकीट थांबतं, परतीच्या वाटेवर पुन्हा तेच. एको जुनाच असतो, उशीर नवा असतो.

उपग्रहावरून बोलणं सुरू झालं तेव्हा हे दुखणं पहिल्यांदा सगळ्यांना बोचलं. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर, एका दिशेला पाव सेकंदाच्या आसपास उशीर. आपल्याकडे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नारायणगावजवळ आर्वीला विक्रम भूकेंद्र उभं राहिलं, तिथून परदेशी कॉल जायचे. त्या काळात एको सप्रेसर वापरत. एकजण बोलत असला की दुसरी दिशा बंद, त्यामुळे दोघं एकदम बोलले की शब्द कापले जायचे. आवाज न कापता एकोची नक्कल करून तीच वजा करायची, ही युक्ती अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये साठच्या दशकात निघाली. तिथे त्यावर काम करणाऱ्यांत आपले मन मोहन सोंधी होते, त्यांचा त्यावरचा निबंध १९६७ चा. तुमच्या गेटवेमधला कॅन्सलर त्याच कल्पनेवर चालतो.

आता माझा प्रश्न. अडीच वर्षं सगळं ठीक होतं. चार महिन्यांपूर्वी लाइनमध्ये काय बदललं?

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ८:०५

काका, वाचता वाचता हात थांबला. चार महिन्यांपूर्वीच तांब्याच्या लाइन काढून फायबर दिलं. भिंतीवर दोन डबे बसवले, प्रत्येकाला फोनची दोन पोर्टं. त्यांतून वायर काढून गेटवेला जोडली. नंबर तेच राहिले, डायलटोन तोच, म्हणून मी तो बदल धरलाच नव्हता. उलट फायबरने आवाज स्वच्छच होईल असं वाटलं होतं.

गावठाण · मंगळवार, रात्री ९:१५

जालन्यात फायबरच्या जोडण्या देतो, असले डबे रोज बसवतो. दादा, फायबरवर आवाज आधीच पाकिटातून येतो. डबा त्याचा साधा फोन करतो, म्हणजे डब्याच्या पोर्टात स्वतःचं एक हायब्रिड आहे. मग तुमचा गेटवे त्या साध्या फोनची पुन्हा पाकिटं करतो. एका हाताने उलगडायचं आणि दुसऱ्या हाताने पुन्हा गुंडाळायचं.

दुसरं म्हणजे तांब्याची लाइन एक्स्चेंजपासून तुमच्यापर्यंत दोन-तीन किलोमीटर यायची, वाटेत आवाज उतरायचा. गेटवेचा गेन त्या हिशोबाने लावलेला असणार. आता डबा आणि गेटवे यांच्यात चार हात वायर. आवाज अंगावर येतो.

डब्याच्या आत लाइनचा इंपीडन्स, म्हणजे काकांच्या नक्कलेशी जुळावा लागणारा विद्युत अडथळा, कुठल्या देशाच्या मापाचा ठेवलाय ते ग्राहकाला दिसत नाही, बहुतेक वेळा आम्हालाही नाही. त्यामुळे जुळवून घ्यायचं काम गेटवेकडूनच करावं लागेल.

वेगळी_वाट · मंगळवार, रात्री ११:४०

कॅन्सलरची टेल लेंग्थ, म्हणजे तो किती उशिरापर्यंतचा एको धरतो ती शेपूट, वाढवा. १२८ मिलिसेकंद करा, काम होईल. माझ्याकडे झालं होतं.

मध्यरात्रपाळी · बुधवार, पहाटे २:१५

वेगळी_वाट, तुमच्याकडे एको लांबून येत असेल तर ते बरोबरच होतं. इथे मात्र गल्लत होऊ शकते, म्हणून सांगतो. कॅन्सलर गेटवेमध्ये बसलाय, तोंड लाइनकडे करून. आयपीच्या बाजूला पाकीट भरायला, बफरला जो वेळ लागतो तो त्याच्या हिशोबात येतच नाही. त्याला दिसतो फक्त लाइनवर सोडलेला आवाज परत यायला लागलेला वेळ, आणि चार हात वायरला तो नगण्य. बाईंच्या कानाला ८० मिलिसेकंद उशीर वाटला म्हणून ८०ची शेपूट लागते असं नाही. ८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८,००० नमुन्यांना, १२८ मिलिसेकंद म्हणजे १०२४ टॅप, तेवढे नमुने. तेवढे सगळे सांभाळताना कॅन्सलर उलट सावकाश शिकतो, आणि दर कॉलचे पहिले काही शब्द एकोसकट जातात.

कॅन्सलर दोन गोष्टी धरून चालतो. परत येणारा आवाज गेलेल्या आवाजापेक्षा निदान ६ डेसिबलने तरी बारीक असावा, आणि तो म्हणजे मूळ आवाजाचंच सरळ, फिकट झालेलं रूप असावं. आवाज इतका मोठा झाला की लाटेचे शेंडे कापले गेले, तर परत येतं ते वेगळंच काहीतरी. त्याची नक्कल करणं कॅन्सलरला जमत नाही. गेन वाढवल्यावर बिघडलं ते यामुळेच असावं.

कृष्णाकाठ, दोन चाचण्या करा.

एक, शांत लाइनची चाचणी. गेटवेमधून लाइन घ्या आणि फक्त एकच आकडा सोडा. डायलटोन थांबेल, पुढचे आकडे येण्याची वाट बघत लाइन काही सेकंद गप्प राहील. त्या गप्प लाइनवर "एक, दोन, तीन" म्हणा. पलीकडे कुणीही नाही. तरी आवाज परत आला तर तो तुमच्या खोलीतच वळतोय.

दोन, ॲस्टरिस्कच्या मिक्समॉनिटर या रेकॉर्डिंगच्या आज्ञेने जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळ्या फायलींत रेकॉर्ड करा. दोन्ही ऑडॅसिटीत (आवाजाच्या लाटा दाखवणारं सॉफ्टवेअर) एकाखाली एक ठेवा. येणाऱ्या फायलीत बाईंचा आवाज दिसतो का, किती उशिराने, किती उंचीचा, आणि शेंडे सपाट आहेत का ते बघा.

कोकणकडा · बुधवार, सकाळी १०:३०

धागा वाचून मलाही एक उलगडलं. रत्नागिरीला यजमानांचा दवाखाना आहे, स्वागतकक्षाचा फोन मी बघते. पेशंट म्हणायचे, "वहिनी, आमचाच आवाज घुमतोय." मी कंपनीला दोष देत राहिले. आज कळलं की तो इकडून जातोय. फोन स्पीकरवर ठेवायची सवय, खाली ग्रॅनाइटचा ओटा, भिंतींना अर्ध्यापर्यंत टाइल्स. रिसीव्हर उचलून बोलल्यावर सकाळपासून कुणीच काही म्हणालं नाही. कृष्णाकाठ, तुमच्या व्यवस्थापकांची केबिन बघा.

कृष्णाकाठ · बुधवार, दुपारी ४:५०

ताई, अगदी नेमकं. काचेची केबिन, फोन कायम स्पीकरवर आणि आवाज शेवटच्या काडीपर्यंत वाढवलेला. साहेबांना हेडसेट दिला. सुरुवातीला नको म्हणाले. मग त्यांनाच माझ्या मोबाइलवरून त्यांच्या केबिनमध्ये फोन लावायला सांगितला आणि स्पीकर चालू ठेवला. स्वतःचा आवाज परत ऐकल्यावर त्यांनी लगेच हेडसेट लावला.

हडसनकाठ · बुधवार, रात्री ८:००

न्यू जर्सीहून. आई साताऱ्याला असते, तिच्याशी इंटरनेटवरून बोलताना गेले वर्षभर मला माझाच आवाज ऐकू यायचा आणि मी इकडे तीन हेडफोन बदलले. आज तिला फोनचं जाड कव्हर काढायला सांगितलं. कव्हरने वरचं माइकचं छिद्र झाकलं होतं. एको गेला. जोडतार काका आणि मध्यरात्रपाळी, मनापासून आभार. या रविवारी आम्ही पुष्कळ बोलू.

कृष्णाकाठ · गुरुवार, रात्री ९:३०

दोन्ही चाचण्या झाल्या. शांत लाइनवर "एक, दोन, तीन" तिन्हीच्या तिन्ही परत आले, चारही लाइनवर. म्हणजे पलीकडचा माणूस, त्याची कंपनी, कुणाचाच संबंध नाही.

रेकॉर्डिंगमध्ये येणाऱ्या फायलीत बाईंचा आवाज स्पष्ट दिसतो, ७८ मिलिसेकंद उशिराने. उंची मूळ आवाजाच्या जवळपास निम्मी. आणि पलीकडचा माणूस जोरात बोलला की लाटेचे शेंडे कात्रीने कापल्यासारखे सपाट.

जोडतार · गुरुवार, रात्री १०:१०

उंची निम्मी म्हणजे ६ डेसिबल. कॅन्सलरची सहनशक्ती जिथे संपते, नेमके तिथे उभे आहात. ७८ मिलिसेकंदांचा हिशोबही बसतो : गेटवेचा बफर ५०-६०, पाकिटाचे २०, बाकी किरकोळ.

आता क्रम मोडू नका. आधी आवाजाची पातळी खाली आणा, मग इंपीडन्स, आणि कॅन्सलरला सगळ्यात शेवटी हात लावा. लाइनकडून येणारा गेन ३-३ डेसिबलने उतरवा, शेंडे सपाट दिसेनासे होईपर्यंत. मग लाइनकडे जाणारा. त्यानंतर गेटवेच्या यादीतले इंपीडन्स एकेक करून लावा : ६०० ओहम, ९०० ओहम, युरोपचा मिश्र, जे असतील ते. प्रत्येकाला शांत लाइनची चाचणी, तेच वाक्य, तोच माणूस, तेच अंतर. आकडे वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गेटवेऐवजी संगणकात कार्ड असतं तर ॲस्टरिस्कबरोबर चालणाऱ्या दादी (DAHDI) ड्रायव्हरमध्ये एफएक्सओट्यून नावाचं साधन हेच काम आपोआप करतं, पण तुम्हाला हातानेच करावं लागेल.

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री ११:०५

आज अर्धी सुट्टी होती, दुपारपासून बसलो. वहीतले आकडे देतो.

येणारा गेन ६ डेसिबलने खाली आणल्यावर शेंडे गोल झाले. जाणारा ४ ने उतरवला. एवढ्यानेच एको बराच फिकटला, पण होता. इंपीडन्स आधी युरोपच्या मिश्र प्रकारावर होता, तांब्याच्या वेळी बसवणाऱ्याने लावलेला. ९०० ओहमवर सुधारणा नाही. ६०० वर एको एकदम खाली गेला, जाणाऱ्या आवाजापेक्षा २२ डेसिबल खाली. आणि मग कॅन्सलरने उरलेला पुसून टाकला. शांत लाइनवर "एक, दोन, तीन" म्हटलं आणि कानात फक्त शांतता.

मी तीनदा तपासलं, विश्वास बसेना म्हणून.

एक नवीन खोट निघाली. पलीकडच्याच्या "हॅलो"मधला "हॅ" खाल्ला जातो.

मध्यरात्रपाळी · रविवार, पहाटे ३:२०

सुंदर काम. "हॅ" खाल्ला जातो ते सायलेन्स सप्रेशनमुळे. गेटवे शांततेची पाकिटं पाठवत नाही, आणि आता पातळी खाली आल्यामुळे हळू सुरुवात त्याला शांतताच वाटते. ते बंद करा. कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) सगळीकडे जी.७११ ए-लॉ ठेवा, आपल्याकडच्या टेलिफोनच्या जाळ्यात तोच चालतो. कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात एका कॉलला प्रत्येक दिशेला सेकंदाला ८७ किलोबिटच्या आसपास लागतात, तिथे बचत करायचं कारण नाही.

कृष्णाकाठ · सोमवार, रात्री ८:४५

बंद केलं, "हॅलो" पूर्ण येतो. आज बाईंनी दिवसभर फोन केले. संध्याकाळी जाताना म्हणाल्या, "आज घसा दुखत नाहीये." आधी एको बुडवायला त्या जोरात बोलत होत्या, हे मला आजच समजलं.

आता दोन नंबरच्या लाइनवरचं बारीक बोलणं. त्याची मला जास्त काळजी आहे. कुणाचं कर्ज, कुणाची थकबाकी, हे तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

गावठाण · सोमवार, रात्री ९:३०

डब्यापासून गेटवेपर्यंत वायर कुठली? इलेक्ट्रिशियनने टाकली असेल तर जोड्या बघा. कॅट-५ केबलमध्ये निळी आणि पांढरी-निळी एकमेकींना पिळलेल्या असतात. एका लाइनला त्याच दोन लागतात. कुणी निळी एकीकडून आणि नारिंगी दुसरीकडून घेतली तर टोन येतो, फोन चालतो, पण पीळ वाया जातो आणि शेजारच्या लाइनचा आवाज आत शिरतो.

कृष्णाकाठ · मंगळवार, रात्री ७:१५

तसंच होतं! एक आणि दोन नंबरच्या लाइन एकाच केबलमध्ये, एकीला निळी आणि नारिंगी, दुसरीला पांढरी-निळी आणि पांढरी-नारिंगी. तीन आणि चारला तर साधी चपटी वायर, ट्यूबलाइटच्या पट्टीला चिकटून दहा फूट. सगळं काढून नीट जोड्यांनी नवीन ओढलं, विजेच्या वायरपासून हातभर लांब. दोन फोन एकदम चालू ठेवून तपासलं, शेजारचं काही ऐकू येत नाही. गुरगुरही पुष्कळ कमी झाली, पण पूर्ण गेली नाही. ती सतत नसते.

जोडतार · मंगळवार, रात्री ८:००

केव्हा असते? आठवडाभर वेळ लिहून ठेवा. अंदाजाने सांगू नका.

कृष्णाकाठ · पुढचा सोमवार, रात्री ९:००

काका, लिहिलं. सहा नोंदी. सहाही वेळा वीज गेलेली होती आणि आम्ही इन्व्हर्टरवर होतो.

जोडतार · पुढचा सोमवार, रात्री ९:४०

इन्व्हर्टर स्वस्तातला असेल तर त्यातून गोल लाट येत नाही, चौकोनी येते. तिच्यात ५० हर्ट्झच्या पटीतले पुष्कळ सूर असतात आणि ते ॲडाप्टरमधून लाइनवर चढतात. लाइनच्या दोन्ही तारांवर गुरगुर सारखी चढली तर ती एकमेकींना खाऊन टाकते. एक तार कुठे जमिनीला टेकत असेल किंवा अर्थिंग सदोष असेल तर तोल जातो आणि ती ऐकू येते. पावसाळ्यात जुन्या लाइनवर खरखर यायची तीही याच जातीची, सांध्यात ओल गेली की तोल गेला. मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला व्होल्टेज मोजा. संगणकवाले तो साधारण २-३ व्होल्टच्या आत मागतात. मोजायला वायरमनला बरोबर घ्या, एकट्याने उघड्या बोर्डात हात घालू नका.

कृष्णाकाठ · पुढचा शुक्रवार, रात्री १०:२०

११ व्होल्ट निघाला. अर्थचा खड्डा इमारतीमागे, तिथे आता पार्किंगचे ब्लॉक बसवलेत, पाणी जातच नाही. नवीन अर्थिंग करून घेतलं, रॅकपुरता साइन वेव्ह यूपीएस घेतला. काल अडीच तास वीज नव्हती. गुरगुर नाही.

शाखांचं तुटणंही सुटलं, थोडक्यात सांगतो. संध्याकाळी सहाला तिन्ही ठिकाणच्या कॅमेऱ्यांचं चित्रण मुख्य कार्यालयात गोळा होतं. तेवढ्या वेळात शाखेपासूनचा पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायचा वेळ, १४ मिलिसेकंदांवरून ३८० वर जायचा. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या ८५ टक्क्यांवर लावली, आवाजाच्या पाकिटांना डीएससीपी ४६ (आधी सोडायची खूण) दिलं, आणि चित्रणाची वेळ रात्री दहाची केली. राउटरमधलं एसआयपी एएलजी, म्हणजे फोनच्या पाकिटांत ढवळाढवळ करणारी सोय, तीही मध्यरात्रपाळी यांच्या व्यनिवरून (व्यक्तिगत निरोपावरून) बंद केली.

मध्यरात्रपाळी · शनिवार, पहाटे १:५०

आता एक मोठा प्रश्न विचारतो. तुमचा नंबर फायबरवर पाकिटांतच येतो. मग डबा आणि गेटवे हवेतच कशाला? त्याच पुरवठादाराकडे एसआयपी ट्रंक, म्हणजे पाकिटांतूनच येणारी बाहेरची लाइन, मागा, आवाज थेट ॲस्टरिस्कमध्ये उतरेल. दोन तारांचा सांधाच उरणार नाही, तर झिरपणार कुठून?

जोडतार · शनिवार, सकाळी ७:३०

तत्त्वतः सहमत. पण सहकारी संस्थेचा नंबर पासबुकावर, पावत्यांवर, गावागावातल्या पाट्यांवर छापलेला आहे. नंबर तोच राहील हे लेखी मिळाल्याशिवाय चालू लाइन सोडू नये. इंटरनेट बंद पडल्यावर डब्यावरचा फोनही बंदच पडतो हे खरं, तरी निदान एक लाइन आहे तशी डब्यावरची, साधी ठेवावी. लेखी मिळालं तर मध्यरात्रपाळी म्हणतात ते करा.

कृष्णाकाठ · शनिवार, दुपारी १२:१०

संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय ठेवतोय. तीन लाइन ट्रंकवर आणि एक साधी, असा माझा प्रस्ताव आहे. नंबर कायम ठेवण्याबद्दल पुरवठादाराला पत्र दिलंय.

पाणंद · रविवार, रात्री ९:०५

धागा वाचून काढला. आमच्या दूध संघातही गेल्या महिन्यात फायबर आलं आणि तेव्हापासून हेच सुरू आहे. गेटवेत ६०० ओहम लावू का थेट?

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ९:२५

थेट नको. माझ्या डब्याला ६०० जुळलं, तुमचा डबा वेगळा असेल. आधी शांत लाइनची चाचणी करा : लाइन घ्या, एक आकडा, आणि "एक, दोन, तीन". ते परत आलं तरच गेटवेकडे वळा. मग पातळी, मग इंपीडन्स. माझ्या वहीच्या पानाचा फोटो आणि मिक्समॉनिटरची ओळ तुम्हाला व्यनि केली आहे. केबलच्या जोड्याही उघडून बघा, मी ते उशिरा केलं, तुम्ही आधी करा. उद्या संध्याकाळी सातनंतर मी मोकळा आहे, चाचणी करताना फोनवर बरोबर थांबतो.